रबरी बूच

तात्या,

तुमच्या दहाव्याला मी खोटं बोलले. मिरजगावच्या ओढ्याकाठी, मांडवात, माईक हातात धरून, सगळ्या गावासमोर. कुणाला कळलं नाही. कळलं असतं असा तिथं एकच माणूस होता आणि त्याच्या फोटोला हार घातलेला होता.

तुमचा जन्म, नोकरी, पश्चात कोण कोण, हे तुमच्या मुलानं, संतोषनं, पत्रिकेत छापलंच आहे. ते मी लिहीत नाही. मला आपल्या दोघांतलं लिहायचं आहे आणि तेही सावकाश. 'म्याडम, तुमी लई घाई करता,' असं तुम्ही मला किती वेळा म्हणालात त्याला गणती नाही. दर वेळी मी हसून सोडून दिलं.

आपली पहिली भेट आठवते का? नगरच्या त्या दवाखान्यात तुमच्या लॅबच्या दारात मी उभी होते, हातात सर्जनसाहेबांची चिठ्ठी. तुम्ही बेसिनपाशी काचेची बरणी धूत होतात. एकदा धुतली, दोनदा धुतली, तिसऱ्यांदा डिस्टिल्ड वॉटरनं विसळली, उजेडाकडे धरून बघितली आणि मग चक्क नाकाशी नेऊन हुंगली. मी म्हटलं, "वास येतोय का?" मागं वळूनही न बघता तुम्ही म्हणालात, "येत न्हाई ना, त्येच बगतोय." मी कर्जतच्या मास्तरांची मुलगी, भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन नगरच्या कॉलेजात शिकवणारी. मनात म्हटलं, हा माणूस आपला जीव खाणार.

चिठ्ठी वाचून तुम्ही विचारलंत, "म्हंजी करनार काय तुमी त्या शिरेचं?" मी सांगितलं. मानेतली रक्ताची शीर चरबीनं आणि चुन्यानं बुजत आली की सर्जन ती उघडून आतला बिघडलेला थर काढून टाकतात. तो थर एरवी फेकूनच द्यायचा. त्यातला हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा मला हवा होता. त्याचा केसाहून पातळ काप काढायचा, वाळवायचा आणि परगावच्या एका मोठ्या यंत्रात ठेवून त्यावर प्रोटॉनचा झोत सोडायचा. झोत लागला की कापातला प्रत्येक धातू आपापल्या ओळखीचे क्ष-किरण बाहेर टाकतो. लोखंडाचे वेगळे, तांब्याचे वेगळे, जस्ताचे वेगळे. ते मोजले की अगदी कणभर असलेला धातूही सापडतो. निरोगी शिरेत किती आणि बिघडलेल्या शिरेत किती, एवढं मला बघायचं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजी अंधारात बॅटरी मारायची आन् कुनाचं डोळं चमकत्यात त्ये बगायचं." इतक्या थोडक्यात मला ते कुणाला कधी सांगता आलं नव्हतं. पुढं मी तुमचं ते वाक्य वर्गात वापरलं, दर वर्षी, आणि मुलं हसली की स्वतःवर खूश झाले. तुमचं नाव एकदाही घेतलं नाही.

त्या यंत्रावर आम्हाला वर्षातून दोनदा, तीन-तीन दिवस मिळायचे. तुम्ही त्याला आवर्तन म्हणायचात, कालव्याला पाणी सुटतं तसं. "औंदा आवर्तन कवा सुटतंय?" अशी तुमची चौकशी. पहिल्या आवर्तनाला कापांमध्ये लोखंड इतकं सापडलं, की मी आनंदानं तुम्हाला तिथूनच फोन केला. तुम्ही विचारलंत, "पातं कशाचं हुतं, म्याडम?" पातं पोलादाचं होतं. आम्ही शिरेतलं लोखंड मोजत नव्हतो, आमच्या सुरीचं मोजत होतो. मी परत येईपर्यंत तुम्ही काचेच्या पट्ट्या खाच पाडून मोडून ठेवल्या होत्या. मोडलेल्या कडेला अशी धार, की कागद धरला तर आवाज न करता दोन होत होता. त्यानंतरचे सगळे काप त्या काचेनं काढले. म्हणजे बाहेरचा धातू नमुन्यात कसा शिरतो हे मला तुम्ही शिकवलं होतंत, तात्या. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

भांडलोही आपण. तुम्ही प्रत्येक नमुन्याला नंबराच्या जोडीनं एक चिठ्ठी लावायचात, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात. 'जामखेडकडचा. बोअरचं पाणी. तांब्याची घागर.' 'बाई. आडाचं पाणी, हंडा जर्मलचा.' (जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम, हे मला तुम्हीच सांगितलंत.) पेशंट वॉर्डात हिंडाफिरायला लागला की तुम्ही त्याच्या खाटेशी जाऊन बसायचात आणि पाणी कुठलं पितो ते विचारायचात. मी वैतागायचे. "तात्या, हे विज्ञान नाही, या चांभारचौकशा आहेत." तुम्ही म्हणायचात, "तांबं शिरेत आलं कुटनं, ह्ये इचारायचं न्हाई व्हय?" मी म्हणायचे, आधी मोजू तर द्या. तो वाद तसाच राहिला. चिठ्ठ्या मी जपून ठेवते असं तुम्हाला वाटायचं. मी त्या फेकून दिल्या, सगळ्या. आज त्या हाताशी असत्या तर पुढच्या पाच वर्षांचं काम झालं असतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुमचा प्रश्न बरोबर होता हेही म्हणावं लागलं असतं.

आता त्या दिवसाचं सांगते. लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

त्या आठवड्यात बरीच ऑपरेशनं लागली होती आणि मी दिलेल्या प्लास्टिकच्या नळ्या संपल्या. त्या नळ्या मी स्वतः ॲसिडनं धुऊन द्यायचे. तुमचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या सुपरव्हिजनवर होते, वर्गाच्या दारात उभी राहून कुजबुजत बोलत होते. "नळ्या संपल्या, म्याडम. आज दोन पेशंट हायती, उद्या आनखी." मी म्हटलं, "इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या असतील ना? धुऊन त्यात ठेवा."

"त्येला रबरी बूच हाय."

"मग?"

"रबरात काय काय घालत्यात, म्याडम. त्ये उतरंल की."

"तात्या, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. बूच काय शिरेत शिरणार आहे?"

मी हसले होते, तात्या. तुम्ही हसला नव्हतात. "बरं, तुमी म्हनता तर," एवढंच म्हणालात. पुढं त्या यंत्रात बिघाड झाला आणि आमची तारीख लांबली. दोन दिवसांचे अकरा झाले. मधे तुम्ही पुन्हा फोन केलात, "नळ्या पाटवून द्या, मी बदलून ठिवतो." माझे पेपर तपासायचे राहिले होते. मी नळ्या पाठवल्या नाहीत.

आवर्तन आलं. बिघडलेल्या शिरांमध्ये जस्त निरोगी शिरांच्या कितीतरी पट निघालं. निरोगी शिरांचे तुकडे आधीचे होते, माझ्या नळ्यांत ठेवलेले. हा फरक मला दिसायला हवा होता. मला फक्त जस्त दिसलं. निबंध छापून आला, परदेशातल्या चांगल्या नियतकालिकात. कॉलेजनं शाल-श्रीफळ दिलं. तुम्ही धुतलेला पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसला होतात. निबंधाच्या शेवटी मी सर्जनसाहेबांचे आभार मानले होते, यंत्र चालवणाऱ्यांचे मानले होते, माझ्या मिस्टरांचेसुद्धा मानले होते. तुमचे राहिले. राहिले असं म्हणते खरं, पण मनात आलं होतं आणि एका ओळीत बसेना म्हणून मी काढून टाकलं. समारंभानंतर चहाच्या टेबलाशी तुम्ही हळूच विचारलंत, "त्या बुचाचं बगितलं का, म्याडम?" मी म्हटलं, "बघितलं, तात्या. काही नाही त्यात." बघितलं नव्हतं.

काही महिन्यांनी संपादकांचं पत्र आलं. कुणा वाचकानं विचारलं होतं, की जस्त शिरेच्या बिघडलेल्या भागात जास्त असेल तर समजू शकतो, पण ते सगळ्या कापभर सारखं कसं पसरलंय? नमुने कशात ठेवले होते? मला तेव्हाच कळलं. पुढच्या आवर्तनाला मी बुचाचा एक चिमटीएवढा तुकडा झोतापुढे ठेवला. पडद्यावर जस्ताची रेघ जी चढली ती वरच्या कडेला जाऊनच थांबली. शेजारी बसलेला ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, हे काय ठेवलंय? गॅल्व्हनाइज्ड पत्रा?" मी म्हटलं, काही नाही, सहज.

खुलासा लिहायला बसले तेव्हा माझ्यापुढे दोन वाक्यं होती. तंत्रज्ञांनी आधीच सावध केलं होतं आणि मी ऐकलं नाही, हे एक. दुसरं मी लिहिलं. रुग्णालयातील तंत्रज्ञ श्री. भानुदास, पुढं तुमचं आडनाव, यांनी आमच्या सूचना न पाळता नमुने रबरी बुचांच्या बाटल्यांत ठेवले, त्यामुळे जस्ताचे आकडे ग्राह्य धरू नयेत. अशा खुलाशात कुणी माणसाचं नाव घालत नाही, तात्या. मी घातलं. नाव असलं की खरं वाटतं, म्हणून घातलं. माझ्या हाताखाली शिकणारी मुलं आहेत, प्रकल्प बंद पडेल, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण एवढंच, की चारचौघांत मान खाली घालायची मला भीती वाटली.

दवाखान्यानं तुम्हाला नोटीस दिली. निवृत्तीनंतरही त्यांनी तुम्हाला मुदतीवर ठेवून घेतलं होतं, ती मुदत पुढं वाढवली नाही. हे मला सर्जनसाहेबांनी फोनवर सांगितलं. "वाईट वाटतं हो, पण निष्काळजीपणा तो निष्काळजीपणा." मी म्हटलं, "हो ना."

नंतर तुम्ही एकदा कॉलेजात आला होतात. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. मी तुम्हाला आत या, बसा, असंही म्हटलं नाही, दारातच गाठलं. तुम्ही पिशवीतून माझ्या नळ्यांचा डबा काढलात. कुठल्या तरी कपाटात मागं राहिलेल्या दहा-बारा नळ्या, धुऊन, पुसून, कापडात गुंडाळून आणल्या होत्या. "तुमच्या हायती. ऱ्हायल्या हुत्या," म्हणालात. मी घेतल्या. तुम्ही चप्पल घालताना म्हणालात, "बुचाचं सापडलं म्हनं."

"हो."

"सापडलं त्ये बरं झालं. न्हाईतर लोकं तसंच धरून बसली असती."

एवढं बोलून तुम्ही जिना उतरलात. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो टोमणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. चूक सापडली याचाच तुम्हाला आनंद होता. ती कुणाच्या नावावर गेली, हा तुमच्या लेखी नंतरचा प्रश्न होता. त्यानंतरची चार वर्षं दिवाळीला तुमचा फोन यायचा. दोनदा मी उचलला, दोनदा वाजू दिला.

तुम्ही गेल्याचं संतोषनं कळवलं आणि पाचव्या दिवशी मी मिरजगावला आले. ओसरीवर तुमचा फोटो, पुढे समई, आणि फोटोच्या शेजारी भिंतीला एक फ्रेम. काचेआड इंग्रजी छापलेलं एक पान, एका नावाखाली लाल पेन्सिलीची रेघ. लांबून मला वाटलं, सेवेचं प्रमाणपत्र असेल. जवळ गेले तर तो माझा खुलासा होता. नोटिशीला जोडलेली प्रत तुम्ही कर्जतला नेऊन फ्रेम करून घेतली होतीत.

संतोष म्हणाला, "मॅडम, तुम्हीच छापून आणलं ना तात्यांचं नाव? रिटायर होऊन घरी आले त्या दिवशी घेऊन आले. परदेशात नाव छापलंय म्हणाले. आईनं आळीत पेढे वाटले." भेटायला आलेले लोक तुमच्या फोटोला हात जोडत होते आणि त्या फ्रेमलाही जोडत होते. ते पाहून मीही जोडले. मग संतोष म्हणाला, "आमची फॅक्टरीतली इंग्लिश, नावापुरती. यात शास्त्राचं काय लिहिलंय ते कुणाला कळत नाही. दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं असतात, तेव्हा हे एवढं मराठीत वाचून दाखवाल का? आईची लई इच्छा हाय."

नाही कसं म्हणणार होते? आणि हो तरी कसं? मी हो म्हटलं.

दहाव्याला कीर्तनकार महाराजांचं झालं, सरपंच बोलले, पतसंस्थेचे कुणी बोलले आणि मग माझं नाव पुकारलं. संतोषनं फ्रेम आणून माझ्या हातात दिली. समोर बायकांमध्ये काकू, संतोषची आई, बसल्या होत्या. मी म्हणाले, "या पानावरचं तात्यांचं नाव जगभरातल्या शास्त्रज्ञांनी वाचलेलं आहे. नमुना कसा जपावा हे तात्यांइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यांच्याशिवाय हे पान छापलंच गेलं नसतं." वाक्य न वाक्य खरं होतं, तात्या, आणि सगळं मिळून धादांत खोटं. काकूंनी पदर डोळ्याला लावला. मी फ्रेम परत दिली आणि गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरला म्हटलं, चला.

तेरावं झाल्यावर मी पुन्हा गेले. त्याआधी दोन कामं केली. संपादकांना नवा खुलासा पाठवला, त्यात बाटल्या वापरायला मी सांगितलं होतं आणि तुम्ही अडवलं होतंत, हे लिहिलं. तेच पत्र दवाखान्याला आणि आमच्या प्राचार्यांना दिलं. त्या पत्रांचं काय व्हायचं ते होईल. पण काकूंना पत्रानं कळवायचं धाडस झालं नाही आणि तसं कळवणं बरोबरही नव्हतं.

काकू ओसरीवर एकट्याच होत्या. मी त्या फ्रेमपुढे उभी राहिले आणि शब्द न शब्द मराठीत वाचला. 'सूचना न पाळता' हेही वाचलं. मग फोनवर आपलं काय बोलणं झालं होतं ते सांगितलं. मी हसले होते, हेही सांगितलं.

"ह्ये त्यास्नी ठावं हुतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एवढं विंग्रजी येत हुतं?"

"येत होतं, काकू. जन्मभर रिपोर्ट इंग्रजीतच लिहिले त्यांनी."

त्या उठल्या. आत जाऊन चहा ठेवला. मी नको म्हटलं तरी कप माझ्यापुढे ठेवला. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बेचाळीस वर्सांत माज्याशी कंदी खोटं बोलले न्हाईत. येकदाच बोलले म्हनायचं. आन् त्येबी तुमच्यापायी."

मी म्हटलं, "काकू, मला माफ—"

"त्ये ऱ्हाऊ द्या. च्या घ्या आदी."

मी चहा प्याले. त्या उठल्या, टाचा उंचावून खिळ्यावरची फ्रेम काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"सकाळी आंगुळ झाली की देवाच्याबी आदी ह्ये पुसायचे. मी इचारलं तर म्हनायचे, म्याडमचा कागुद हाय. मला वाटायचं, कौतिकानं म्हनत्यात." त्यांनी काचेवरचं कुंकवाचं बोट पदरानं पुसून काढलं. "तुमचा हाय तर तुमी न्या. जितं रोज बसता तितं लावा. आन् पुसत जा."

आज सकाळी पुसली, तात्या.